एका लिंकची दोन दारं

१

शेवटचं प्रकरण जागेवर नव्हतं.

कात्रीने आधी स्वतःच्या चष्म्याला दोष दिला, मग नेटला, मग सकाळचा चहा न मिळाल्याला. पान बंद करून पुन्हा उघडलं. कादंबरीची बाकीची प्रकरणं शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी होती. रांगेच्या टोकाला मात्र काहीच नव्हतं.

अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारा तो छोटासा स्टुडिओ. वाचलेल्यातले खोकले, अडखळणं आणि पानांची सळसळ कापून काढायचं काम ज्याच्याकडे, त्याला सगळे कात्री म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं आठवायचे. आणि आबा म्हणजे स्टुडिओचा आवाज. लोक पुस्तकाचं नाव विचारतच नसत, ‘आबांचं नवीन काय आलंय?’ एवढंच विचारत. त्यांच्या आवाजात गलबतं सुटायची, म्हाताऱ्या भांडायच्या, पोरं झोपायची. या दर्यावर्दी कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्यांनी घशाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वाचलं होतं. शस्त्रक्रियेतून आबा वाचले, पण आता ते वाचणार नव्हते. आवाज कायमचा गेला होता.

त्यामुळे हरवलं होतं ते आबांचं शेवटचं वाचन. कच्चं मुद्रण कात्रीनेच पुसलं होतं. चुका तपासणाऱ्या ताईंनी पास केलं की कच्चं पुसायचं, ही इथली जुनी शिस्त.

त्याने मॅडमना बोलावलं. स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडम स्वभावाने इतक्या मऊ, की रागवायचं असलं तरी आधी बिस्किटं पुढे करत. त्यांनी नोंदी उघडल्या. कोणी काय केलं ते साठवणीची साइट आपोआप टिपून ठेवते. मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काल दुपारी काढून टाकलंय. ॲपमधून.” त्या थांबल्या. “खातं... ताईंचं आहे.”

दारात ताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नेहमीच सगळं ऐकत.

२

ताई म्हणजे स्टुडिओचे कान. जन्मापासून दिसत नव्हतं, आणि ‘तानसेन नाही तर नाही, मी कानसेन आहे’ असं त्या स्वतःच सांगत. प्रत्येक मुद्रण अक्षर न् अक्षर ऐकून चुका काढायचं काम त्यांचं. वाचक ‘शीळ’च्या जागी ‘शिळ’ म्हणाला, तरी त्यांची टिचकी वाजायची. ही टिचकीही त्यांचीच रीत. वाचकाच्या कानातल्या हेडफोनशी जोडलेल्या माइकवर नखाने एक टिचकी, म्हणजे ‘पुन्हा’. दोन टिचक्या, म्हणजे ‘पुढे चला’. एवढ्या दोन शब्दांवर आबांनी आणि ताईंनी अख्खं कपाटभर पुस्तकं तडीस नेली होती. कात्रीला वाटायचं, जगात कोणाचं भांडण बघावं तर या दोघांचं. एक शब्द न बोलता चालायचं आणि पुस्तक देखणं होऊन बाहेर पडायचं.

“जाऊ द्या ताई,” मॅडम म्हणाल्या. “होतं असं. कोणाकडूनही होतं.”

“काय होतं?”

“म्हणजे... चुकून बोट लागतं. तुम्हाला कोणी दोष देत नाहीये.”

कात्रीने मान खाली घातली. मॅडमनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“आपण असं करू,” मॅडम आणखी मऊ झाल्या. “तुमचं खातं फक्त ऐकण्यापुरतं ठेवू. आणि सोबतीला कोणीतरी बसेल. प्रकरणाचं म्हणाल तर आबांच्या जागी आलेला नगारा दुपारी नव्याने वाचेल. फक्त आबांना कळू देऊ नका. जीव जाईल त्यांचा.”

“सोबतीला,” ताई म्हणाल्या. “म्हणजे माझ्या बोटांवर राखणदार. मॅडम, मला चोर म्हणा, मी भांडेन. बिचारी म्हणू नका. बिचारीला भांडताही येत नाही.”

त्यांनी पर्समधून फोन काढला. त्यांच्या फोनमधली बाई पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायची, तेही अशा वेगाने की इतरांना नुसती माशी गुणगुणल्यासारखं वाटायचं. ताईंनी तिचा वेग माणसांत आणला.

“ऐका. प्रकरणाची लिंक आली की ती दोन दारांनी उघडते. एक ब्राउझरचं, एक ॲपचं. कोणतं दार, ते फोनला आपण सांगून ठेवायचं. मी ब्राउझर सांगून ठेवलाय. हे ब्राउझर.”

फोन बोलला, “ऐका, बटण. थांबा, बटण. फाइल हटवा, बटण.”

“आणि हे तुमचं ॲप.”

“बटण,” फोन म्हणाला. “बटण. बटण. बटण.”

“ऐकलंत? ॲप बनवणाऱ्यांनी बटणांना बोलकी नावंच दिली नाहीत. ज्या घरात प्रत्येक जण ओळख म्हणून नुसतं ‘माणूस, माणूस’ सांगतो, त्या घरात मी पाय कशाला ठेवू? ॲपचं दार मी कधीच बंद केलंय.”

कात्रीचा चेहरा उजळला. हातच्या काकणाला आरसा कशाला! पण मॅडम हळूच म्हणाल्या, “ताई, अपडेट आलं की अशी सेटिंग आपोआप बदलतात हो. लिंक ॲपमध्ये उघडली असेल. आणि बटणांना नावं नाहीत म्हणजे... नको ते बटण दाबलं जाणं आणखीच सोपं, नाही का?”

ताईंचा पुरावा ताईंच्याच अंगावर उलटला होता.

“दुपारपर्यंत माझ्या खात्याला हात लावू नका,” शेवटी ताई म्हणाल्या. “कात्री, चल. मला तुझे डोळे हवेत. मत नको, नुसते डोळे.”

३

“ताई, कोणी केलं असेल?” बोळात येताच कात्रीने विचारलं.

“तू.”

“मी?”

“कच्चं तू पुसलंस. पक्कं गेलं की तुझी सगळी चुकीची कापाकापी गेली. हेतू झाला की नाही?” त्याचा श्वास अडकलेला ऐकून त्या हसल्या. “घाबरू नकोस. तुला काही पुसायचं असलं की तू आधी मोठ्याने सांगतोस आणि मग तीनदा विचारतोस. असल्या माणसाच्या हातून गुन्हा होत नाही, उशीर होतो. आता सांग, ते प्रकरण नसल्याने फायदा कोणाचा?”

उत्तर समोरच्याच खोलीत आवाज मोकळा करत बसलं होतं. नवा वाचक. आवाज इतका भरदार की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, म्हणून नगारा. आबांच्या जागी आला तेव्हापासून श्रोत्यांची एकच तक्रार होती, ‘हे आबा नाहीत.’ दुपारी त्याने शेवटचं प्रकरण वाचलं, की कादंबरी संपताना लोकांच्या कानांत त्याचा आवाज राहणार होता.

“काल दुपारी बाहेरच्या खोलीतला टॅब कोणाकडे होता?” ताईंनी बसता बसता विचारलं.

कात्री चमकला. टॅबचं नाव आत्तापर्यंत कोणी काढलंच नव्हतं.

“माझ्याकडे,” नगारा म्हणाला. “म्हणजे जेवणाआधी. मग तिथेच ठेवला टेबलावर.”

“शेवटचं प्रकरण ऐकलंस?”

नगाऱ्याचा आवाज एकदम टिमकी झाला. “ऐकलं.”

“पहिल्यांदाच?”

“नाही... रोज ऐकतो. आबा कुठे थांबतात, श्वास कुठे घेतात, ते पाठ करतोय. मॅडमना नका सांगू. नवा माणूस नक्कल करतोय म्हणतील.” तो खाली बघत राहिला. “ते प्रकरण मला वाचता येणार नाही, ताई. मी कालच मॅडमना सांगणार होतो, पण जीभ रेटली नाही. आबांनी जे केलंय, त्यावर मी काय वाचणार? गेलं म्हणतात तेव्हापासून मला कसंतरीच होतंय.”

कात्रीला या माणसाबद्दल इतके दिवस मनात धरलेल्या अढीची लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला तोही निघालाच होता की!

“लिंक कशात उघडायचास? ब्राउझर की ॲप?” ताईंनी विचारलं.

“आधी ब्राउझरमध्येच उघडायची. पण त्यात पडदा विझला की आवाज बंद. मग परवा लिंक दाबल्यावर टॅबने विचारलं, कशात उघडू? मी ॲप निवडलं आणि ‘नेहमी’वर बोट ठेवलं. ॲपमध्ये मस्त सलग वाजतं. चुकलं का काही?”

ताई ताठ बसल्या. “परवा. म्हणजे परवापासून त्या टॅबवर कोणीही लिंक दाबली तरी ॲपच उघडणार. कात्री, जा. टॅब आण. ॲप उघड आणि वरच्या कोपऱ्यात कोणाचं नाव आहे ते वाच.”

कात्रीने टॅब आणला. कोपऱ्यातली बारीक अक्षरं दोनदा वाचली.

“ताई... तुमचंच आहे.”

४

“असणारच,” ताई म्हणाल्या. “माझा फोन दुरुस्तीला गेला होता, आठवतं? तेव्हा या टॅबवर ॲप उघडून बघितलं. ‘बटण बटण’ ऐकून वैतागले आणि टॅब ठेवून दिला. बाहेर पडायचं राहिलं. माझं दार मीच उघडं टाकून गेले होते रे.”

“पण मग आजवर काही झालं कसं नाही?”

“कारण त्या दाराने कोणी जातच नव्हतं. पत्ता एकच, पण टॅबच्या ब्राउझरमध्ये पाहुण्याचं खातं आहे. पुढच्या दाराने गेलास तर तू पाहुणा, ऐकायचं आणि निघायचं. परवापासून लिंक मागच्या दाराने उघडायला लागली. तिथे जो जाईल तो ताई! काहीही हलवावं, काहीही फेकावं, नाव माझं.”

कात्री बघत राहिला. त्याचे दोन डोळे धड असून रोज तो टॅब समोर पडलेला असायचा, आणि या बाईने तो न बघता त्याच्यातली चोरवाट शोधून काढली होती. असं डोकं आपल्या स्टुडिओत आहे, याचा त्याला अभिमान वाटला, आणि त्याने तो तिथल्या तिथे बोलूनही दाखवला.

“कौतुक नंतर. अजून माणूस सापडला नाहीये,” ताई म्हणाल्या. “एखादी टाकाऊ फाइल आहे? तिच्यावर बघू. बटणांवर काय लिहिलंय, ते मला वाचून दाखव. मला हे कोणी कधी वाचून दाखवलंच नाही.”

“ऐकायचं बटण म्हणजे नुसता पिटुकला त्रिकोण आहे, शब्द नाही. मग शब्द आहेत. ‘पाठवा’. ‘नाव बदला’. ‘काढा’.”

“पुन्हा वाच.”

“पाठवा, नाव बदला, काढा.”

“हटवा नाही? ब्राउझरमध्ये ‘हटवा’ आहे.”

“इथे ‘काढा’ आहे.”

“दाब. पुढे काय विचारतंय?”

“‘हा भाग काढायचा का? हो. नाही.’”

ताई हसायला लागल्या. आधी गालात, मग खांदे हलवत. नगारा आणि कात्री एकमेकांकडे बघत राहिले.

“अरे, एवढ्या सभ्यपणे विचारल्यावर मीसुद्धा हो म्हणाले असते!” त्यांनी डोळे पुसले. “कात्री, तुला एखादी फाइल ऐकवायची असली तर तू काय म्हणतोस?”

“‘लावतो’ म्हणतो.”

“नगारा?”

“‘प्ले करतो’.”

“मॅडम ‘ऐकवा’ म्हणतात. आता आठव. या इमारतीत अजून टेपा कपाटात आहेत असं समजून बोलतं कोण? ‘कात्रीराव, ते तिसरं प्रकरण जरा काढा बघू’ असं कोण म्हणायचं?”

कात्रीचा हात टॅबवर तसाच राहिला. अख्ख्या स्टुडिओत असं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला आता बोलताच येत नव्हतं.

“टॅबचा विचार आधी का केलात?” त्याने हळूच विचारलं.

“आबा काल दुपारी बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांच्या काठीचा आवाज मला येतो. सगळ्यांनी त्यांना चहा दिला, शाल दिली, उशी दिली. विचारलं कोणीच काही नाही. मुक्या माणसाला काय विचारायचं, नाही का? मला जशी सगळ्यांनी माफी देऊन टाकली, तसं त्यांना वगळून टाकलं.” त्या उठल्या. “चल. आजही आले असतील.”

५

आबा ऐकण्याच्या खोलीत कोचावर बसले होते. गळ्याला मफलर, मांडीवर लिहायची पाटी. मॅडम आधीच तिथे होत्या. कात्रीच्या हातातला टॅब बघून त्यांनी डोळ्यांनीच विनवलं, इथे नको. पण डोळ्यांच्या विनवण्या ताईंपर्यंत पोचत नसत.

आबांनी पाटी उचलली तसा खडूचा आवाज झाला.

“पाटी नको, आबा. मी ती वाचणार कशी? टिचक्यांनीच बोला, पण आज अर्थ वेगळा. दोन म्हणजे हो, एक म्हणजे नाही. काल दुपारी टॅबवर शेवटचं प्रकरण ऐकायला गेलात?”

आबांनी कोचाच्या लाकडी हाताकडे बघितलं. मग नखाने दोनदा वाजवलं.

“‘काढा’ दाबलंत. त्याने विचारलं, काढायचं का. तुम्ही हो म्हणालात.”

टक, टक.

“आणि काही वाजलंच नाही. नेट गेलं असेल म्हणून टॅब ठेवून दिलात.”

टक, टक. मग बोट हवेतच थांबलं. आबांनी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं आणि त्यांना कळलं. आपला शेवटचा आवाज आपणच फेकून दिला, हे कळताना माणूस कसा दिसतो ते कात्रीला बघवेना. ओठ हलले, पण आत काहीच नव्हतं.

“थांबा, जीवाला लावून घेऊ नका,” ताई घाईने म्हणाल्या. “मॅडम, फेकलेल्या फायली तुम्ही कुठे शोधल्यात?”

“ब्राउझरमध्ये. तिथली टोपली रिकामी होती.”

“कारण तुम्ही पुढच्या दारातला कचरा बघितलात. मागच्या दाराने गेलेलं मागच्या टोपलीत पडलं असलं तर? कात्री, याच टॅबवर, ॲपमध्येच टोपली शोध.”

कात्रीची बोटं दोनदा चुकली. मग टोपली सापडली. तिच्यात एकच वस्तू होती. त्याला बोलवेना.

“अरे, मला दिसत नाही, सांगतोस की नाही?”

“आहे, ताई. आहे!”

मॅडम खुर्चीत बसल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, “ताई, माझं चुकलं. तुमचं खातं जसं आहे तसंच राहील.” मग टॅबकडे बघत म्हणाल्या, “आणि हे ॲप आजच काढून टाकते.”

“‘काढून’ म्हणताना जरा जपून, मॅडम. आणि नगाऱ्याला ते ॲप लागतं, राहू दे. फक्त माझं नाव त्यातून बाहेर काढा. आणि लिंक कशात उघडायची, ते टॅबला दर वेळी विचारू दे. विचारलेलं बरं असतं. माणसांनासुद्धा.”

मॅडमनी मान डोलावली. मग ताईंना ती दिसणार नाही हे आठवून “हो” म्हणाल्या.

पण ताई आबांकडे वळल्या होत्या. “एक राहिलं, आबा. चोरून का ऐकायचं होतं? कात्रीला सांगितलं असतंत तर त्याने शंभरदा लावलं असतं.”

आबा गप्प. म्हणजे बोट गप्प.

“मी सांगते. शेवटच्या वाक्याला तुमचा आवाज फुटला होता. मी टिचकी मारली नाही. तुम्हाला वाटलं, उद्या शस्त्रक्रिया आहे, म्हातारा दमलाय, म्हणून बाईने दया केली. खरंय?”

मग हळूच, टक, टक.

“इतकी वर्षं एकत्र काम करून मला एवढंच ओळखलंत?” ताईंचा आवाज चढला, आणि चढता चढता ओला झाला. “‘क्षितिज’साठी तुम्हाला नऊ वेळा परत वाचायला लावलं मी. ताप होता तुम्हाला. तेव्हा दया केली का? कात्री, लाव ते.”

कात्रीने लावलं. खोलीत आबा बोलू लागले. गलबत बंदराला लागलं. म्हातारा खलाशी कितीतरी वर्षांनी आपल्या गल्लीत शिरला. दाराशी आला, हात उचलला. आणि ते वाक्य आलं, ‘दार उघडंच होतं.’ त्यातल्या ‘उघडंच’वर आवाज चिरला, एखादी जुनी फळी चिरावी तसा, आणि पुढचं ‘होतं’ नुसत्या श्वासात आलं. नगारा दारात उभा होता. त्याने तोंडावर हात धरला.

फाइल संपली.

“हे मी बरोबर म्हणून सोडलं,” ताई म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी घरी आलेल्या माणसाचा आवाज असाच येतो. याहून चांगलं तुम्ही कधी वाचलं नाहीत आणि मी कधी ऐकलं नाही. पटतंय?”

सगळ्यांची नजर त्या बोटाकडे लागली. मफलरच्या वर आबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात उचलला आणि कोचाच्या लाकडावर एकच टिचकी मारली.

कात्री हिरमुसला. एक म्हणजे नाही.

ताई मात्र हसल्या. “अरे, ती तुझी ‘नाही’ नव्हे. आमची जुनी टिचकी आहे ती.”

मग कात्रीला उमगलं, एक टिचकी म्हणजे पुन्हा.

त्याने बोट पुढे केलं, त्रिकोण नीट बघून घेतला आणि प्रकरण पहिल्यापासून लावलं.